कांद्याचं गुणसूत्र एवढं दांडगं का? (आणि त्यावर माशांची साक्ष)

मूलाग्र (धागाकर्ता)

कांद्याच्या मुळाचं टोक, ॲसिटोकार्मिनचा थेंब, वर आच्छादन-काच आणि अंगठ्याचा दाब. जीवशास्त्राच्या वाटेला गेलेल्या बहुतेकांनी हा प्रयोग केलेला असतो. सोळा गुणसूत्रं दिसतात, ठसठशीत, बोट ठेवून मोजावीत अशी. कांदाच का, असं मी विचारलं तेव्हा 'सहज मिळतो' एवढंच उत्तर मिळालं होतं. ते खोटं नाही, पण खरं कारण वेगळं आहे. कांद्याची गुणसूत्रं राक्षसी आहेत, म्हणून तो निवडतात.

थोडा हिशोब करू. सोळा गुणसूत्रं म्हणजे आठ-आठचे दोन संच. कांद्याच्या एका संचात डीएनएच्या सुमारे १६ अब्ज बेस-जोड्या आहेत (पुढे मी नुसतं 'अक्षरं' म्हणेन). माणसाच्या संचात सुमारे ३.१ अब्ज. कांद्याचे १६ अब्ज फक्त आठ गुणसूत्रांत वाटलेले आहेत, म्हणजे सरासरी एकेकात दोन अब्ज. कांद्याचं एक गुणसूत्र म्हणजे माणसाच्या अख्ख्या संचाचा जवळजवळ दोन-तृतीयांश ऐवज झाला! उलट टोकाला ॲराबिडॉप्सिस ही प्रयोगशाळेतली लाडकी वनस्पती: साडेतेरा कोटी अक्षरं, पाच गुणसूत्रं, सुमारे सत्तावीस हजार जनुकं. कांद्याचा संच तिच्या जवळपास एकशेवीसपट आहे, पण जनुकं काही एकशेवीसपट नाहीत.

मग बाकी काय भरलंय? पुनरावृत्ती. तीच अक्षरं, पुन्हा पुन्हा.

या पुनरावृत्तीच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे एकच शब्द ओळीने गिरवलेली वही: दीडशे-पावणेदोनशे अक्षरांचा तुकडा एकाला एक लागून हजारो वेळा. याला सॅटेलाइट म्हणजे उपग्रह डीएनए म्हणतात. नाव आकाशातून आलेलं नाही. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए जोरात फिरवला की मुख्य पट्ट्याशेजारी वेगळ्या घनतेचा एक छोटा पट्टा उमटायचा, तो 'उपग्रह'. दुसरी तऱ्हा विखुरलेली: स्वतःच्या प्रती काढून किंवा स्वतःच उचलून दुसरीकडे बिऱ्हाड करणारे ट्रान्सपोझॉन. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात ते पहिल्यांदा ओळखले आणि १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच मक्याचा संच २००९ साली वाचून झाला तेव्हा सुमारे ८५ टक्के भाग याच मंडळींनी व्यापलेला निघाला. ओसरी दिली, पाय पसरले.

जीनोममध्ये, म्हणजे या अख्ख्या संचात, 'किती कचरा आहे' याचे आकडे तोंडावर फेकायला हा धागा काढलेला नाही. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्र म्हणून आपण जे बघतो, ते बघण्याजोगं झालंय तेच मुळी पुनरावृत्तीमुळे. मधली खाच (सेंट्रोमिअर), टोकं, रंग धरणारे गडद पट्टे, मक्याच्या गुणसूत्रावरच्या गाठी, केंद्रिका (केंद्रकातला रायबोसोम घडवणारा गोळा) जिथे चिकटलेली असते ती दुसरी खाच, हे सगळं पुनरावृत्त डीएनए आहे. शेवटच्या खाचेत जनुकं आहेत खरी, पण ती रायबोसोमच्या आरएनएची, आणि तीसुद्धा शेकड्यांनी ओळीत लावलेली. प्रथिनांची जनुकं आपल्याला दिसत नाहीत. गुणसूत्राचा चेहरामोहरा ज्याने घडवलाय त्यालाच आपण 'भरताड' म्हणतो, हे मला खटकतं.

वनस्पतींबद्दल मी बोलू शकतो. मासेवाले कोणी असतील तर त्यांनी भर घालावी.

शंकेखोर

लेख आवडला, पण मुद्दा पचला नाही. पेशी दर विभाजनाला ३२ अब्ज अक्षरं नव्याने उतरवते. त्याला फॉस्फरस लागतो, नायट्रोजन लागतो, वेळ लागतो. एवढा भार निरुपयोगी असता तर निवडीने केव्हाच छाटला असता. छाटला नाही, म्हणजे काहीतरी उपयोग असणारच. कुणी शोधला नाही म्हणून 'नाही' म्हणायचं का?

मूलाग्र

किंमत आहे, हे बरोबर. ती दिसतेही. मायकेल बेनेट यांनी १९७२ साली दाखवलं की ज्यांच्या केंद्रकात डीएनए भरपूर असतो त्या वनस्पती काही आठवड्यांत बी-ते-बी पल्ला गाठू शकत नाहीत. केंद्रक मोठं, पेशी मोठी, विभाजन संथ. पर्णरंध्रांच्या रक्षक पेशीसुद्धा जीनोमच्या मापाने वाढतात. म्हणून घाईत जगणाऱ्या तणांचे जीनोम सहसा आटोपशीर असतात. ज्यांना घाई नाही त्यांच्याकडून वसुली कडक होत नाही, एवढंच.

आणि 'छाटणं' हे कोणी माळी कात्री घेऊन करत नाही. ट्रान्सपोझॉनच्या दोन्ही टोकांना सारखे तुकडे असतात. ते एकमेकांशी चुकून जुळले की मधला भाग गळून पडतो आणि एकच टोक मागे उरतं. अशी टोकं भाताच्या जीनोममध्ये ढिगाने सापडतात. भरती आणि ओहोटी दोन्ही चालू असतात, आकार म्हणजे त्यांची वजाबाकी. फ्रिटिलारिया नावाच्या कंदवर्गीय फुलझाडांचे जीनोम अजस्र आहेत. तिथे ट्रान्सपोझॉनचं एखादंच घराणं माजलेलं दिसत नाही. जुनेपुराणे, झिजून ओळख हरवलेले असंख्य तुकडे तसेच पडून आहेत. भरती फार होती असं नाही, ओहोटीच लागली नाही.

वाटाण्याच्या नातेवाइकांत उलट चित्र आहे. ओग्रे नावाचं पंचवीस हजार अक्षरांपर्यंत वाढणारं एक ट्रान्सपोझॉनचं धूड आहे, आणि व्हिसिया पॅनोनिका या प्रजातीत एकट्या त्याने सुमारे ३८ टक्के जीनोम खाल्लाय.

खवले

मासेवाली हजर आहे.

मूलाग्र, तुमचा कांदा आमच्याकडे चिल्लर. माशांत दोन्ही टोकं एकाच वर्गवारीत सापडतात, म्हणून हा विषय समजून घ्यायला माशांसारखं दुसरं काही नाही असं माझं (पक्षपाती) मत आहे.

पहिलं टोक फुगू, म्हणजे फुगणारा विषारी मासा. संच चाळीस कोटींच्या आत, माणसाच्या साधारण एक-अष्टमांश. जनुकांची यादी मात्र कणा असलेल्या प्राण्याला शोभेल अशी पूर्ण आहे. सिडनी ब्रेनर यांनी १९९३ साली नेमक्या याच कारणासाठी त्याची शिफारस केली होती: गवताची गंजी न उपसता सुई हातात. २००२ साली तो वाचला गेला. पुनरावृत्ती एक-षष्ठांशाहून कमी, जनुकांमधले इंट्रॉन (प्रथिन बनवताना गाळले जाणारे मधले तुकडे) आखूड. आता गंमत बघा. त्याचा भाऊबंद टेट्राओडॉन २००४ मध्ये वाचला, त्यात ट्रान्सपोझॉनच्या प्रती अगदी मोजक्या, पण घराणी सत्तरहून जास्त. माणसात घराणी थोडी आणि प्रती लाखोंनी. म्हणजे फुगूच्या कुळात पाहुणे सगळे आले, पण कोणालाच मुक्काम वाढवू दिला नाही. जे राहिले ते बहुतेक हेटरोक्रोमॅटिनच्या, म्हणजे घट्ट गुंडाळून ठेवलेल्या डीएनएच्या कोपऱ्यात कोंबलेले.

दुसरं टोक फुप्फुसमासे. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा संच २०२१ साली आला, ४३ अब्ज अक्षरं. पाठोपाठ आफ्रिकेतला, सुमारे ४० अब्ज. आणि २०२४ साली दक्षिण अमेरिकेतला लेपिडोसायरन: ९१ अब्ज! एकोणीस गुणसूत्रं, त्यांतली अठरा अशी की प्रत्येक माणसाच्या अख्ख्या संचाहून मोठं. एका संचाचा धागा उलगडला तर तीस मीटर भरेल. आणि जनुकं? आपल्याच पट्टीतली. सुमारे ९० टक्के पुनरावृत्ती आहे, आणि त्यातले मोठे वाटेकरी 'लाइन' जातीचे, प्रत काढून डकवणारे.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की एवढं फुगूनही गुणसूत्रांची मूळ मांडणी मोडलेली नाही. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशात पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांचे जनुकगट अजून ओळखू येतात. घरातली माणसं तीच, खोल्यांचा क्रम तोच, फक्त प्रत्येक भिंतीची जाडी दहापट.

पेशी मोठ्या असतात म्हणून हाडांतल्या पेशींच्या खोबणीही मोठ्या असतात. त्या खोबणी जीवाश्मात टिकतात. त्यांच्या मापांवरून फुप्फुसमाशांचा जीनोम केव्हा फुगत गेला याचा अंदाज १९७२ सालीच बांधला गेला होता. डीएनएचा कणही हाती नसताना!

दगडफूल

९१ अब्ज हा विक्रम आहे का?

खवले

प्राण्यांत, वाचून झालेल्यांत, हो.

मूलाग्र

सजीवांत नाही :) न्यू कॅलेडोनियातल्या त्मेसिप्टेरिस ऑब्लान्सिओलाटा या नेच्याचा संच २०२४ साली मोजला गेला, सुमारे १६० अब्ज. मोजला म्हणजे केंद्रकं रंगवून त्यांची चमक मोजली, वाचलेला नाही. त्याआधी २०१० पासून पॅरिस जापोनिका हे जपानी फुलझाड १४९ अब्जांवर गादी धरून होतं. आणि खालच्या टोकाला जेनलिसिया ट्युबेरोझा ही कीटकभक्षी वनस्पती, जेमतेम ६ कोटी. फुलझाडांतच चोवीसशेपट फरक.

अर्धवट_स्लाइड

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. पदव्युत्तर प्रकल्पासाठी झेब्राफिशची गुणसूत्रं करतेय. पुस्तकात माणसाच्या गुणसूत्रांवर कसे छान आडवे पट्टे असतात! मी ट्रिप्सिन-जिम्सा (आधी ट्रिप्सिन विकर, मग जिम्सा रंग) तीन आठवडे केलं, एकही पट्टा नाही. सगळी एकसारखी निळी-जांभळी. मार्गदर्शक म्हणतात 'तुझा ट्रिप्सिनचा वेळ चुकतोय'. खरंच तसं आहे का?

खवले

बाळा, ट्रिप्सिनचा दोष नाही, माशाचाच आहे.

जी-पट्टे, म्हणजे तू शोधतेस ते जिम्साचे पट्टे, उमटायला गुणसूत्रावर ए-टी जास्त आणि जी-सी जास्त (डीएनएची चार अक्षरं ए, टी, जी, सी) असे मोठमोठे आळीपाळीचे पट्टे असावे लागतात. सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत ते आहेत. बहुतेक अस्थिमत्स्यांत हे प्रमाण गुणसूत्रभर जवळपास सपाट आहे. फरकच नाही तर रंग तरी कुठे भेद दाखवणार? गार नावाचे लांब जबड्याचे प्राचीन मासे अपवाद आहेत. त्यांच्यात सस्तन प्राण्यांसारखी विभागणी सापडली आणि पट्टेही दिसले. झेब्राफिश गार नाही, तेव्हा तीन आठवडे गेले ते विसर.

तुझ्या माशात पुनरावृत्ती निम्म्याहून जास्त आहे (२०१३ च्या वाचनात ५२ टक्के), पण ती बहुतेक 'कापा आणि डकवा' जातीच्या डीएनए-ट्रान्सपोझॉनची, आणि सर्वदूर पसरलेली. सगळीकडे सारखी पसरलेली गोष्ट खूण म्हणून कामाची नसते. तुला हव्यात साचलेल्या पुनरावृत्ती. त्यासाठी सी-पट्टे (साचलेला, घट्ट डीएनए दाखवणारे) कर: बेरियम हायड्रॉक्साइड, मग कोमट क्षारद्रावण, मग जिम्सा. सैल डीएनए धुपून जातो, घट्ट बांधलेला उरतो आणि रंग धरतो. सेंट्रोमिअर दिसतील. आणि चौथ्या गुणसूत्राची लांब बाजू नक्की बघ. ती जवळजवळ पूर्ण हेटरोक्रोमॅटिन आहे, ५एस (रायबोसोमच्या एका छोट्या आरएनएच्या) जनुकांच्या प्रतींनी आणि इतर पुनरावृत्तींनी भरलेली, प्रथिनांची जनुकं विरळ. रानातल्या झेब्राफिशमध्ये नर-मादी ठरवणारा भाग याच बाजूच्या टोकाशी आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या वाणांत तो संकेत हरवलाय, ही वेगळीच शोकांतिका.

त्यानंतर चांदीचं रंजन, म्हणजे केंद्रिकेच्या जागा कळतील. आणि मग फिश.

शंकेखोर

माशावर फिश?

खवले

हो, हा विनोद आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतींनाही पाठ आहे. फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन, आद्याक्षरांनी फिश. चमकणारा डीएनए-तुकडा गुणसूत्रावर सोडायचा, तो आपल्या जोडीदार अक्षरांना जाऊन चिकटतो. इथेही पुनरावृत्तीचंच राज्य. एकटं जनुक शोधायचं तर चमक इतकी मंद की डोळे फुटतात. हजार प्रतींचा सॅटेलाइट मात्र दिवाबत्ती केल्यासारखा पेटतो.

मूलाग्र

वनस्पतींतही जी-पट्ट्यांचं हेच रडगाणं. एक कारण असं मानतात की आमची गुणसूत्रं मध्यावस्थेत फार घट्ट आवळलेली असतात, आणि विखुरलेली पुनरावृत्ती सगळीकडे सारखी. म्हणून राय आणि गव्हाची गुणसूत्रं ओळखायला लोक सी-पट्ट्यांवर, आणि पुढे सॅटेलाइटच्या फिशवर जगले. रायच्या टोकांना हेटरोक्रोमॅटिनचे ठळक गोळे असतात, लांबून ओळखू येतात.

दगडफूल

टोकांचं निघालंच आहे तर विचारते. माणसाच्या गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी हा सहा अक्षरी शब्द हजारो वेळा असतो असं वाचलंय. सगळ्या सजीवांत तोच?

मूलाग्र

वा, आता माझ्या आवडीच्या गल्लीत आलात. पाणी पिऊन बसा.

पृष्ठवंशीयांत तोच, माशांतही तोच. वनस्पतींत एक 'टी' जास्त: टीटीटीएजीजीजी. १९८८ साली ॲराबिडॉप्सिसमध्ये सापडला, मग एकामागून एक वनस्पतींत तोच मिळत गेला, आणि 'हा वनस्पतींचा शिक्का' असं ठरून गेलं.

आणि मग कांदा आडवा आला. कांद्यात हा शब्द सापडेना. माणसाचा टाकून पाहिला, तोही नाही. टोकांवर फिश केली तर ३७५ अक्षरांचा एक सॅटेलाइट आणि रायबोसोमची जनुकं चमकायची. बरीच वर्षं असा समज होता की कांद्याने नेहमीचा बंदोबस्त सोडून दिलाय आणि टोकं सॅटेलाइटच सांभाळतो. कल्पना वेडगळ नव्हती. फळमाशीत टोकांचं काम ट्रान्सपोझॉनच करतात.

२०१६ साली ब्रनोतल्या गटाने कोडं सोडवलं. कांद्याचा शब्द आहे, पण बारा अक्षरांचा: सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी. टेलोमरेज हे नेहमीचं विकरच तो लिहितं. शिपाई तोच, परवलीचा शब्द बदललेला. आधीचे सगळे चुकीचा शब्द विचारत उभे होते, आणि दार उघडत नाही म्हणून घरात कोणी नाही असं म्हणत होते.

(अवांतर: ब्रनो म्हणजे मेंडेलचं गाव. त्याचा सुरकुतलेला वाटाणा आठवतो? १९९० साली कळलं की ती सुरकुती स्टार्चच्या विकराच्या जनुकात घुसलेल्या एका तुकड्यामुळे आहे, आणि तो मॅक्लिंटॉकच्या मक्यातल्या उड्या मारणाऱ्यांच्या जातीचा. आनुवंशिकतेच्या पहिल्याच प्रयोगात ट्रान्सपोझॉन बसलेला होता आणि कोणालाच पत्ता नव्हता.)

शंकेखोर

हेच तर मी म्हणतोय! उपयोग सापडतो.

मूलाग्र

नाही, इथे मला थांबावं लागेल. सुरकुती हा परिणाम आहे, उपयोग नाही. अशी उदाहरणं हवी तेवढी देतो. रक्तवर्णी संत्र्याचा लाल गर एका रेट्रोट्रान्सपोझॉनमुळे (प्रत काढून डकवणाऱ्या जातीच्या) आहे, तो थंडीत जागा होतो आणि शेजारचं रुबी हे जनुक चालू करतो. पांढरी द्राक्षं पांढरी कारण ग्रेट१ नावाचा तुकडा रंगाच्या जनुकापाशी येऊन बसला. मक्याच्या रानटी पूर्वजाला फांद्याच फांद्या, मक्याला एक सरळ खोड, त्यात हॉपस्कॉच नावाच्या तुकड्याचा हात आहे. पण मक्यात असे तुकडे लाखोंनी आहेत. त्यातल्या एकाला लॉटरी लागली म्हणून सगळ्यांना कामावर घेतलं असं होत नाही.

शंकेखोर

मग धाग्यात 'भरताड म्हणू नका' का लिहिलंत? दोन्ही दगडांवर पाय.

मूलाग्र

टोमणा रास्त आहे. नीट सांगतो.

'जंक' हा शब्द रूढ केला सुसुमू ओनो यांनी १९७२ साली. गंमत म्हणजे ते माशांचे जीनोम मोजणारे गृहस्थ. २०१२ साली माणसाच्या जीनोमचं काम तपासणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने माणसाच्या ८० टक्के डीएनएला 'कार्य' बहाल केलं. त्याच्या पाच वर्षं आधीच रायन ग्रेगरी यांनी एक साधी परीक्षा सुचवली होती: जो कोणी म्हणेल की हा सगळा डीएनए उपयोगी आहे, त्याने सांगावं की कांद्याला तो माणसाच्या पाचपट का लागतो. तिला नावच 'कांदा-कसोटी' पडलं. तुमच्या 'उपयोग असणारच' वर माझं उत्तर तेच. फुगू आणि लेपिडोसायरन, दोघंही मासे, दोघंही नीट जगतात, आणि दोघांत दोनशेपटीहून जास्त अंतर.

पण 'उपयोग नाही' म्हणजे 'परिणाम नाही' असं नव्हे. माझा खटका तिथे आहे. मक्याच्या गाठींचं बघा. १८० अक्षरांचा एक सॅटेलाइट, गाठीच्या गाठी. नेहमीच्या पेशीत त्या नुसत्या बसून असतात. पण एखाद्या झाडात दहाव्या गुणसूत्राचं विशिष्ट, लांबट रूप असलं की अर्धसूत्री विभाजनात याच गाठी सेंट्रोमिअरच्या पुढे धावतात, गुणसूत्राचे हात ध्रुवाकडे ओढत नेतात. मादीच्या बाजूला चार पेशींची रांग लागते आणि कडेची एकच जगते. गाठी त्या कडेच्या पेशीत घुसतात. निम्म्या बीजांत जायला हव्या, जातात सुमारे ७० टक्क्यांत. मार्कस ऱ्होड्स यांनी १९४२ साली ही लबाडी पकडली. ओढणारं इंजिन कोणतं ते २०१८ साली कळलं: त्या लांबट दहाव्यावरच किनेसिन प्रथिनांची जनुकं आहेत, ती फक्त या गाठींचं ओझं वाहतात.

गाठीचा मक्याला काही उपयोग नाही. गाठीला गाठीचा आहे. तिने रांगेत घुसून जागा मिळवली आणि गुणसूत्राचा आकार बदलून टाकला.

शंकेखोर

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. हे पटलं.

पण सेंट्रोमिअरचं काय? तिथला सॅटेलाइट तरी कामाचाच. त्याशिवाय गुणसूत्र ओढणार कसं?

खवले

तिथेही घोळ आहे. ओढायची जागा अक्षरांवरून ठरत नाही, तिथे बसलेल्या एका खास हिस्टोनवरून (डीएनए ज्याभोवती गुंडाळतो त्या प्रथिनावरून) ठरते, वनस्पतींत त्याला सेनएच३ म्हणतात. भाताच्या आठव्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर २००४ साली वाचला तेव्हा त्यात सॅटेलाइट थोडाच आणि चालू जनुकं चक्क मध्ये नांदत होती. आणि काम सगळ्यांत सारखं असूनही सेंट्रोमिअरची अक्षरं प्रजातीगणिक बदलतात. जवळच्या माशांतही एकाचा सॅटेलाइट दुसऱ्यावर चमकेलच याची खात्री नाही. हेनिकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली याला विरोधाभास म्हटलं, आणि त्यांचं स्पष्टीकरण मूलाग्र यांच्या गाठींसारखंच: प्रत्येक सेंट्रोमिअर अंड्यात जायला धडपडतो.

मूलाग्र

भर घालतो. ॲराबिडॉप्सिसचे सेंट्रोमिअर २०२१ साली टोकापासून टोकापर्यंत वाचून झाले, लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्रांमुळे. त्याआधी वीस वर्षं नकाशावर तिथे भोकं होती. १७८ अक्षरांचा शब्द साठ हजारांहून जास्त वेळा. आणि त्या शब्दांच्या ऐन मध्ये अथिला नावाचे ट्रान्सपोझॉन शिरलेले. एका बाजूला सॅटेलाइट स्वतःच्या प्रती एकसारख्या करत राहतो, दुसऱ्या बाजूला हे त्याला फोडत राहतात.

आणि सेनएच३ वर कोणाची पकड, हा प्रश्न पुस्तकी नाही. रवी मरुथाचलम आणि सायमन चॅन यांनी २०१० साली ॲराबिडॉप्सिसमध्ये बदललेलं सेनएच३ घातलं आणि त्या झाडाचा संकर साध्या झाडाशी केला. बदललेल्या बाजूची गुणसूत्रं गर्भात मागे पडली, हरवली, आणि एकाच पालकाचा संच असलेली रोपं मिळाली. पैदासकारांना शुद्ध वाण करायला सहा-आठ पिढ्या लागतात ते काम यातून एका उडीत होऊ शकतं.

दगडफूल

माशांच्या ट्रान्सपोझॉनचा असा काही वापर?

खवले

दोन मोठे. मेडाका माशात टोल२ सापडला, तो अजून जिवंत आहे, उड्या मारतो. झेब्राफिशमध्ये जनुकं घालायला आज जगभर तोच वापरतात. दुसऱ्याची गोष्ट जास्त मजेची. सॅमनच्या कुळातल्या जीनोममध्ये टीसी१ जातीच्या तुकड्यांची मढी पडलेली होती, सगळी लाखो वर्षांपूर्वी मेलेली. १९९७ साली त्या मढ्यांची अक्षरं शेजारी ठेवून, कुठे काय झिजलंय ते ताडून, मूळ विकर पुन्हा लिहिलं गेलं. ते चाललं! नाव ठेवलं स्लीपिंग ब्यूटी. माणसांवरच्या जनुकोपचाराच्या चाचण्यांतही ते वापरलं गेलंय.

अर्धवट_स्लाइड

खवलेताई, सी-पट्टे केले. सेंट्रोमिअर दिसले!! आणि एका गुणसूत्राची एक अख्खी बाजू गडद आहे, मला वाटतं तेच चौथं. पण मोजणी जमत नाही. ५० यायला हवीत ना? एका पेशीत ४७, दुसरीत ४९, एकीत ५३. मासाच विचित्र आहे का?

खवले

मासा ठीक आहे. ४७ आणि ४९ मध्ये एखाददुसरं दुसऱ्याखाली दडलंय किंवा थेंब टाकताना बाहेर उडालंय. ५३ म्हणजे शेजारच्या फुटलेल्या पेशीची आलेली. कांद्याच्या पेशीला भिंत असते, ती सगळ्यांना एका जागी धरून ठेवते. माशाच्या पेशीत तो आधार नाही. कोणत्या ऊतीतून घेतेस?

अर्धवट_स्लाइड

कल्ल्यातून.

खवले

पुढच्या मूत्रपिंडातून घे. माशाच्या हाडात रक्त बनवणारी मज्जा नसते, ते काम तिथे चालतं, म्हणून विभाजित पेशी जास्त. पोटॅशियम क्लोराइड ०.०७५ मोलर, पंचवीस मिनिटं. मिथेनॉल-ॲसेटिक तीनास एक, दर वेळी ताजं बनव. थेंब थोड्या उंचीवरून टाक, पण फार वरून नको. आणि तीन पेशींवरून मासा विचित्र ठरवू नकोस, निदान तीस मोज.

अर्धवट_स्लाइड

तीस??

मूलाग्र

मी कांद्याच्या पन्नास मोजल्या होत्या. आणि त्यात फक्त सोळा असतात.